बाहेर म्हणजे कुठे

नाशिकच्या अंबडला समुद्र पिशवीतून येतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. समुद्री माशांच्या दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट हे सगळं समुद्रातल्याच प्रमाणात त्यात असावं लागतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, काळ्या कातळावर वसलेलं. इथे खारं पाणी सांभाळायचं म्हणजे या मातीला ठाऊक नसलेली गोष्ट रोज हाताने टिकवून धरायची.

टाकीतलं बाकी सगळं विकत आणलेलं असतं: मासे, दगड, दिवे, पंप, कधी कधी पाणीसुद्धा. न आणता येतं ते शेवाळ. टाकीची खरी हकिगत म्हणूनच त्याला ठाऊक असते.

*

पहिला थर तपकिरी.

टाकी नवी असताना काही आठवड्यांतच काचेवर आणि वाळूवर तपकिरी पूड बसू लागते. ते डायटम. एकेका पेशीला सिलिकाचं कवच. हे सिलिका येतं कुठून? सह्याद्रीचा बेसाल्ट पावसात झिजतो आणि झिजताना सिलिका पाण्यात सोडतो. ते पाणी बोअरमध्ये उतरतं, धरणात साठतं, नळाने घरात येतं. टाकीत ओतलं की ब्रह्मगिरीचा कातळ काचेवर उमटतो.

नद्यांनी असाच कातळ विरघळवून समुद्राला पोचवला म्हणून समुद्रातले डायटम जगतात. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण पाचवा वाटा ते उचलतात. तेव्हा काचेवरची पूड पुसताना थोडा आदर असू द्यावा.

डायटमना औषध लागत नाही. सिलिका संपलं की ते आपोआप ओसरतात. टाकी ठेवणाऱ्याची पहिली परीक्षा हीच, की काही न करता थांबता येतं का. बहुतेकांना येत नाही.

एवढंच करायचं की पुढचं सिलिका आत येऊ द्यायचं नाही. पिण्याच्या पाण्याचं घरगुती आरओ यंत्र त्याला पुरत नाही. अशा बऱ्याच यंत्रांत चवीसाठी मूळ पाणी थोडं परत मिसळायची सोय असते. टाकीच्या पाण्याला आरओच्या पुढे रेझिनची नळी लागते, आणि टीडीएस मीटरवर शून्य यावं लागतं. जिभेला जे गोड, ते या समुद्राला अशुद्ध.

*

चैत्र-वैशाखात टाकीचं पाणी झपाट्याने उतरतं. उडून जातं ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नाही, गोड्या पाण्याची. ती नळाच्या पाण्याने घातली तर प्रत्येक तांब्यातलं सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट आत राहतं आणि पाणी तेवढं निघून जातं. साठा वाढत जातो. पातळी मात्र रोज तीच दिसते.

डोळा पातळी पाहतो, शेवाळ साठा पाहतं.

याचं सगळ्यात मोठं रूप आपल्याच राज्यात आहे, लोणारला. उल्केच्या आघाताने बेसाल्टात पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी आत येतं. वाहून बाहेर जायला वाट नाही. वाट फक्त वर, वाफेची. हजारो वर्षं क्षार साठत गेले, पाणी खारं आणि अल्कधर्मी झालं, आणि स्पिरुलिनाच्या जातीच्या नील-हरित शेवाळाने त्याला हिरवा रंग दिला. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून कारण पुढे आलं ते मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं. पाणी आटलं होतं, क्षारता चढली होती, त्यांची वेळ आली होती. पाऊस झाला आणि रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं.

लोणारवर कुणाचं नियंत्रण चालत नाही. पाण्यात जे असेल त्याला साजेसा जीव वर येतो. टाकीतही नियम हाच. फक्त तिथे पाण्यात काय असावं हे एका माणसाच्या हाती असतं, आणि हे बळ वाटतं त्याहून मोठं आहे.

*

शेवाळाला पोसणारं फॉस्फेट अंबडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग पावडर कोटिंगला जाण्याआधी एकामागून एक टाक्यांत बुडवून काढतात. त्यातली एक फॉस्फेटिंगची. तो थर नीट बसला तर रंग धरतो. तिकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकमधून १९:१९:१९ खत सोडतात, जमिनीत डीएपी टाकतात. कारखान्यात फॉस्फेट किलोने मोजतात, बागेत गोणीने. टाकीत ते मिलिग्रॅमने मोजायचं असतं, आणि या मापाची हाताला सवय नसते.

हिशोब करून पाहावा. लिटरला ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट ही मरीन टाकीत बरेच जण वरची मर्यादा धरतात. दोनशे लिटरला ते झालं २० मिलिग्रॅम. कोरड्या खाद्यात फॉस्फरस एक टक्का धरला, तर एका ग्रॅमात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. एक ग्रॅम खाद्यात साऱ्या टाकीच्या मर्यादेहून जास्त. मासा त्यातलं काही अंगी लावतो, उरलेलं पाण्यात.

आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली समुद्रातल्या प्लवकांमधल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मांडायला सुरुवात केली. पुढे ते १०६ कार्बन, १६ नायट्रोजन, १ फॉस्फरस असं रूढ झालं. कार्बन हवेतून मिळतो, प्रकाश दिव्यातून. टाकीत अनेकदा अडतं ते त्या एका फॉस्फरसवर. तो एक अणू आत गेला की एकशे सहा कार्बन-अणूंचं अंग त्याच्याभोवती उभं राहू शकतं.

शेवाळ काचेवर दिसतं. पेरलं जातं चिमटीतून.

घरी येणारा प्रत्येक जण माशांना खाऊ घालायला मागतो. मुलं तर सगळ्यांच्या आधी. माणूस काचेपाशी आला की मासे वर येतात, तोंड उघडतात. ती भूक म्हणायची की शिकवलेली सवय? समुद्रातला मासा दिवसभर थोडं थोडं टिपत हिंडतो. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही ही आपली रीत. माणसांसाठी ती थोर आहे. टाकीत तिची किंमत पाण्याला मोजावी लागते, आणि पाणी कुरकुरत नाही, हिरवं होतं.

खाऊ घालण्यात माया किती आणि घालणाऱ्याचं समाधान किती, याची फोड माणसांच्या जगात सहसा होत नाही. टाकीत ती आठ दिवसांत होते.

*

नाशिकच्या माणसाच्या हाताशी एक जालीम औषध कायम असतं: मोरचूद. चुन्यात मिसळून त्याचं बोर्डो मिश्रण करतात, द्राक्षाच्या डाऊनी रोगावर फवारतात. हौदातल्या, तळ्यातल्या शेवाळावरही मोरचूद चालतं. खाऱ्या टाकीत ते टाकू नये. तिथे तांबं गोगलगायी, कोळंबी, खेकडे मारतं. चुनखडी दगडात आणि वाळूत मुरतं. आणि मग कितीतरी काळ थोडं थोडं सुटत राहतं. पाण्यातलं तांबं पाणी बदलून काढता येतं, दगडातलं नाही.

तांबड्या चिकट थरावर काही जण प्रतिजैविक टाकतात. तो थर सायनोबॅक्टेरियाचा. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साचू लागला तो यांच्याच पूर्वजांच्या कष्टाने. आपला श्वास आजही त्या कमाईवर चालतो. टाकीत हा थर जिथे प्रवाह मंद आणि गाळ जास्त तिथे धरतो. पंपाचं तोंड वळवावं, गाळ नळीने ओढून घ्यावा, दिवा थोडे दिवस कमी वेळ लावावा. जिवाणूंवर चालणारं औषध टाकताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, की माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे, म्हणजे टाकीला जगवणारे, तेही जिवाणूच आहेत.

आणि मारण्यात एक मूळचीच अडचण आहे. मेलेलं शेवाळ टाकीतच राहतं. ते कुजतं, त्याने अंगात बांधून ठेवलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात परत सुटतं, आणि पुढचं पीक त्यावर उभं राहतं. जिवंत शेवाळ ते निदान धरून तरी होतं.

म्हणून उपटायचं. हाताने, चिमट्याने, टूथब्रशने. उपटलेलं तिथल्या तिथे नळीने ओढून घ्यायचं. बादलीत आलं तेवढंच गेलं.

*

गोगलगायी सोडल्या की काच स्वच्छ होते. पण खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन तळाशी बसतं. झाडणं आणि उचलून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं होताना दिसतं, म्हणून दुसरं राहून जातं.

तरीही झाडणारे हवेत, आणि एकाहून अधिक जातींचे हवेत. १९८३ साली पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर लांब काट्यांचे, शेवाळ चरणारे डायडेमा अर्चिन मरू लागले. साधारण वर्षभरात ती साथ साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरली आणि ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच धरधरून संपवत आणले होते. चराईचं सगळं काम त्या एका जातीवर येऊन पडलं होतं, आणि ते लक्षात आलं नव्हतं, कारण खडक स्वच्छ होते. अर्चिन गेल्यावर शेवाळ चढलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तिथलं प्रवाळाचं आच्छादन निम्म्याहून अधिक होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पाच टक्क्यांच्याही खाली आलं. वादळं आणि प्रवाळांचे रोग यांचाही त्यात हात होता. पण वादळातून प्रवाळ पूर्वीही सावरत आले होते; या खेपेला त्यांना पुन्हा रुजायला जागाच उरली नव्हती.

खडक स्वच्छ असतानाच विचारायला हवं होतं, की हे कोण करतंय आणि किती जण उरलेत.

*

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. लोह-ऑक्साइडचे दाणे भरलेली नळी लावतात, फॉस्फेट शून्य. खाद्य तोडतात, नायट्रेट शून्य. आणि मग वाळूवर तपकिरी चिकट तंतू येतात, त्यात अडकलेले बुडबुडे. काही जाती तर अशा की त्या खाऊन गोगलगायी मरतात. डायनोफ्लॅजेलेट. इतरांची उपासमार झाली की जागा मोकळी होते आणि त्या जागेत हे तग धरतात. जाणकार तेव्हा पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं थोडं मुद्दाम घालतात. आधी जे काढण्यासाठी पैसे मोजले, तेच.

सुबत्तेचं शेवाळ असतं, तसं उपासमारीचंही असतं.

भर घालायच्या पाण्यात शून्य हवं. जगायच्या पाण्यात नको.

शिवाय शून्य नेहमी खरंच बोलतं असं नाही. टाकी हिरवीगार आणि तपासणीच्या किटवर फॉस्फेट शून्य, हे एकाच दिवशी दिसू शकतं. मोजायला पाण्यात काही उरलेलं नसतं. सगळं शेवाळाच्या अंगात गेलेलं असतं.

*

शेवाळ हटवण्याचा मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे त्याला जागा देणं.

स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी प्रवाळाच्या टाक्यांसाठी ही रीत बसवली. जाळीवरून पाण्याचा पातळ थर वाहू द्यायचा, वर तेज दिवा लावायचा. शेवाळ जाळीवर धरतं. ठरावीक दिवसांनी ते खरवडून बाहेर काढायचं. घरच्या टाकीत हेच काम खालच्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, करता येतं. तिथे कीटोमॉर्फा ठेवतात, विंचरल्यावर फणीत राहणाऱ्या गुंतवळासारखं दिसणारं हिरवं शेवाळ. त्याला दिवा रात्री लावायचा. वरच्या टाकीत अंधार झाला की कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो. खालचं शेवाळ तो सावरतं. अधूनमधून मूठभर काढून टाकलं की वरच्या काचेवर यायचं होतं ते हातात येतं.

वर जो उपद्रव, तोच खाली चाकरी करतो. त्याला काम नेमून दिलं नाही तर तो स्वतःच शोधून घेतो.

पण मूठभर काढलेलं टाकायचं कुठे, याचाही विचार लागतो. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक लहानसा पट्टा दिसला. मत्स्यालयांत वाढवलेली, थंड पाणी सोसणारी ही शेवाळाची देखणी जात. तुटक्या तुकड्यातूनही पुन्हा उभी राहते. पुढे ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरली. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात तीच सापडली. तिथे लोकांनी वेळ घालवला नाही. ताडपत्र्यांखाली झाकून, क्लोरीन सोडून ती संपवली, आणि खाजण मोकळं झाल्याचं जाहीर करायला २००६ उजाडलं. एका ठिकाणी पट्टा लहान असताना पाहत बसले. दुसऱ्या ठिकाणी बसले नाहीत. दोन समुद्रकिनाऱ्यांत एवढाच फरक पडला.

*

प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं. एकपेशीय, सोनेरी-तपकिरी. प्रवाळाच्या अन्नाचा मोठा वाटा तेच शिजवतं. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. ज्याला शेवाळ अजिबात नको, त्याला रीफही मिळणार नाही.

२००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. आपल्या समुद्रातलं प्रवाळ घरच्या टाकीसाठी तोडून आणणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्गाच्या आसपासचे खडक ओहोटीला उघडे पडतात तेव्हा हिरवं, तपकिरी, तांबूस अशी कितीतरी जातींची शेवाळं एकाच खडकावर दिसतात. कुणी ती घासत नाही. लाट आहे, ऊन आहे, चरणारे शंख आणि मासे आहेत, आणि सगळ्यांच्या पाठीशी प्रचंड पाणी आहे. टाकीत हे शेवटचंच नसतं.

हौशी माणसाने कोरडा, मृत दगड घ्यावा आणि त्याला जिवंत व्हायला वर्ष द्यावं. दगडावर एक दिवस गुलाबी-जांभळे ठिपके दिसू लागतात. ते कोरलाइन, चुन्याचं कवच धरणारं शेवाळ, आणि तेही शेवाळच. ते आलं की पाणी स्थिरावलं असं समजावं. आपण कशाशी झगडत होतो, याचा फेरविचार करायला तो दिवस चांगला.

*

बादलीत आलं तेवढंच गेलं, असं वर म्हटलं. गेलं कुठे?

अंबडला बाहेर म्हणजे मोरी. मोरीतून गटार, गटारातून मलनिस्सारण केंद्र, नाही तर नाला आणि नंदिनी नदी, कोणतीही वाट धरली तरी पुढे गोदावरी. अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर ती उगम पावते, त्याच्याकडे पाठ करते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पिशवीतून आलेला समुद्र या लांबच्या वाटेने परत जातो.

एका टाकीचं ओझं नदीला जाणवणारही नाही. वीस लिटर पाणी बदललं तर ७०० ग्रॅम मीठ. पण शहरातल्या प्रत्येक मोरीचं 'बाहेर' ती एकच नदी आहे. जेवणाचं उरलंसुरलं, धुण्याची पावडर, शौचालय, वरच्या शेतांतून धुपून येणारं खत: सगळ्यांत नायट्रोजन, फॉस्फरस किंवा दोन्ही. मलनिस्सारण केंद्रात प्रामुख्याने सडणारी घाण कमी करतात. साध्या प्रक्रियेतून ही दोन मूलद्रव्यं बऱ्याच प्रमाणात तशीच पुढे जातात. मग नदीत पाणवेली येतात. खाली नांदूर मधमेश्वरला, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्या उथळ पाण्यात, जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ जाहीर झालं. दर हिवाळ्यात पाहुणे पक्षी तिथे उतरतात. नाशिकच्या मोरीतलं पाणीही तिथेच जातं.

पाणवेलींचा राग सगळ्यांना येतो. मला त्यांच्याकडे पाहून संपमधलं कीटोमॉर्फा आठवतं. नदीत आपण जे सोडलं ते त्यांनी अंगात धरलं आहे, तरंगत्या, उचलता येण्याजोग्या रूपात. त्यांच्यावर तणनाशक मारलं तर त्या तळाशी जाऊन कुजतील आणि सगळं परत सुटेल. यंत्राने काढून काठावर ढीग घातला तर पहिल्याच पावसात ढिगाचा रस नदीत उतरेल. काढलेली पाणवेल मृगाच्या आधी गाड्यांत भरून नदीपासून दूर, खताच्या खड्ड्यांत गेली पाहिजे. ज्या नाल्याच्या तोंडाशी ती सगळ्यात दाट येते तिथल्या पाण्यातलं फॉस्फेट नियमित मोजून लोकांपुढे ठेवलं पाहिजे. आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या नाल्यांतली पाणवेल खताला घालण्याआधी तिच्यातले जड धातू तपासले पाहिजेत, कारण ही वनस्पती तेही शोषून घेते, आणि ते खत पुन्हा एखाद्या द्राक्षबागेतच जायचं असतं.